आक्काचा मुद्दा

सरांना नकाशात शाईची सीमा चालत नसे. नदी शाईनं काढा, डोंगर शाईनं काढा, आगगाडीचे रूळसुद्धा शाईनं काढा, पण दोन देशांमधली रेघ पेन्सिलीनंच. कोणी हौसेनं लाल पेनानं सीमा गिरवली की ते वही परत करत आणि म्हणत, "पुसता येईल अशी काढून आण."

"सर, पण परीक्षक मार्क कापतात," मी एकदा भीत भीत म्हटलं.

"कापू देत. परीक्षक रिटायर होतो. रेघ राहते."

मी त्यांची कॉलेजातली विद्यार्थिनी नव्हते. मी कॉलेजात येईपर्यंत त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका दवाखान्याच्या फाटकावर चौकीदार आहेत, आई घरी ब्लाउज शिवते. कुठला विषय घ्यायचा हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. भूगोलात पाठांतर कमी असतं असं एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणून मी भूगोल घेतला आणि पहिल्याच परीक्षेत नापास झाले. तेव्हा बाबांना कोणीतरी हरिशंकरपुरममधल्या या सरांचं नाव सुचवलं. म्हातारे आहेत, तऱ्हेवाईक आहेत, पण शिकवतात, असं.

पहिल्या दिवशी मी गेले तर घराला कुलूप. दुसऱ्या दिवशी सर दारातच उभे होते.

"सर, मी काल आली होती. तुम्ही मिळाले नाही."

"मी हरवलो होतो का?"

मी हिंमत करून म्हणाले, "मला लागलं की तुम्ही रागावले."

"कुठे लागलं? दाखव बघू. हळद लावू या."

आमची मराठी अशीच. पूर्वज फौजेबरोबर दख्खनमधून आले, इथेच राहिले, आणि पिढ्यान् पिढ्या घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलता बोलता दोन्ही एकमेकींत विरघळल्या. मला ते कळतही नव्हतं. सरांनी कळवलं, पण कधी लाज वाटू दिली नाही. माझं 'मला लागलं' त्यांना इतकं आवडलं की पुढे तेही चेष्टेनं म्हणत, "मला लागलं की आज तू गृहपाठ केलेला नाहीस."

त्यांची स्वतःची मराठी कोकणातली होती. आडनावातही कोकणातलं एक गाव होतं. वडील इथल्या कापड गिरणीत फिटर म्हणून आले आणि सर इथेच जन्मले, इथेच शिकले, इथेच शिकवलं. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारलं तर म्हणत, "स्थळ बघायला मुंबईला जावं लागायचं. मला रिझर्वेशन मिळालं नाही."

ते नक्की कोण, याबद्दल गल्लीत बरीच मतं होती. मटण खातात म्हणून समोरचे काका त्यांना कायस्थ समजत. घरात देव नाहीत म्हणून माझ्या आईला ते ख्रिस्ती वाटत. मासळीवाल्याला ते फक्त कटकटी वाटत, कारण प्रत्येक मासा हातात घेऊन विचारत, "खवले आहेत का याला?" खवले नसलेला मासा कितीही ताजा असला तरी नको. मटणाबरोबर दही दिलं की ताट सरकवत. आणि हे सगळं पाळणारा माणूस शनिवारी सकाळी ओट्यावर आरसा मांडून, सगळ्या गल्लीला दिसेल असं, दाढी करत बसे. शनिवारी दाढी करण्यात एवढं दाखवण्यासारखं काय, ते मला बरेच दिवस कळलं नाही.

कळलं ते मी पास झाले तेव्हा. निकाल सांगायला गेले तर त्यांनी मला बसवून ठेवलं आणि आत जाऊन भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, मनुका असं सगळं कालवून आणलं. वर गुलाबाच्या पाकळ्या. सोबत फळं चिरून ठेवलेली.

"मलिदा," ते म्हणाले. "तुझ्यासाठी बोललो होतो. बोललेलं फेडायचं असतं."

"कुठल्या देवाला, सर?"

"देव नव्हे, प्रेषित. एलियाहू हन्नबीला. आम्ही बेने इस्रायल. ज्यू. हिंदीत यहूदी."

मला त्यातला 'इस्रायल' हा एकच शब्द ओळखीचा होता. "म्हणजे तुम्ही इस्रायलचे?"

"मी इथला, आपल्या लष्कर भागातला," ते म्हणाले. "फूलबागेत सायकल शिकलो. खवल्यांचा मासा, दह्याविना मटण, शनिवारी शब्बाथ म्हणजे कामाला सुट्टी, दाढीलासुद्धा, हे आमचे नियम; शेवटचा तेवढा मी मोडतो. माझे आजे-पणजे कोकणात तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आता नीट ऐक. ज्यू म्हणजे मी. इस्रायल म्हणजे एक राज्य. बेने इस्रायल म्हणजे आमचा मूळपुरुष याकोब ऊर्फ इस्रायल, त्याची लेकरं, ते राज्य जन्मायच्या कितीतरी आधीपासूनची. शब्द एकसारखे दिसले म्हणून गोष्टी एक होत नाहीत. पेपरात येणार नाही, पण लक्षात ठेव."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा मला पोहे गोड असू शकतात याचंच नवल वाटत होतं.

शुक्रवारी शिकवणी लवकर संपत असे, कारण आक्काचा फोन यायचा. आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. तरुणपणीच लग्न करून इस्रायलला गेली आणि तिकडच्या वाळवंटातल्या एका गावात तिचा सगळा जन्म गेला. तिथे शुक्रवारी सूर्य मावळताना शब्बाथचा दिवा लागला की ती फोनला हात लावत नसे, म्हणून त्याआधी, आपल्याकडे जेवणाच्या सुमारास, ती फोन करी. सरांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे स्पीकर लावलेला असे आणि मी पुस्तकं गोळा करीपर्यंत निम्मं भांडण माझ्या कानावर पडे.

कारण ते भांडणच असायचं. सर झायनवादाच्या विरोधात होते. ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं आणि ते त्याच भूमीवर हवं, ही ती विचारसरणी. आक्काचं सगळं आयुष्य त्या विचारावर उभं होतं.

"जगात कुणी दार उघडलं नाही आपल्याला," आक्का म्हणायची. "लाखोंनी मारलं. मग आपण घर मागितलं तर चुकलं?"

"घर मागितलं ते चुकलं नाही गं. त्या घरात आधीच माणसं होती, ती कुठे गेली ते विचारतोय मी."

"तुला काय जातंय विचारायला! तिथं बसून पोहे खातोयस. मी इथं सायरन वाजला की जिना उतरून तळघरात धावते, या वयात."

"म्हणून तर म्हणतो, तसं धावायला लागू नये असं काहीतरी करा. त्यांनाही आणि तुलाही."

मग आक्का म्हणायची की तुझ्यासारखे बोलतात ते सगळे शेवटी आपल्या लोकांचा द्वेष करणारेच असतात. इथे सर आवाज चढवत. "नाही! कल्पनेला विरोध करता येतो, आक्का. सरकारला करता येतो. माणसाच्या जन्माला करायचा नाही, त्याला द्वेष म्हणतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तू ग्वाल्हेरला ये, मी तुला दाखवतो. इथे मला आजवर कोणी ज्यू म्हणून बोट लावलेलं नाही."

"मुद्दा तुझाच खरा बाबा," आक्का म्हणायची, पण तसं तिला मुळीच वाटत नसे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

मला दोघांचंही पटायचं. मी हे सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तू भूगोल सोड, वकिली कर."

ते मोठं युद्ध सुरू झालं तेव्हा सर टीव्हीसमोर बसून राहत. आधी आक्काच्या काळजीनं, मग गाझातली पडलेली घरं बघून. त्या दिवसांत समोरचे काका पेढे घेऊन आले. ते मराठी मंडळाचे सचिव. सर ज्यू आहेत हे त्यांना नुकतंच कळलं होतं आणि तेव्हापासून ते सरांकडे एकदम आदरानं बघायला लागले होते.

"सर, मानलं तुमच्या लोकांना! काय धडा शिकवला!"

"माझे लोक?" सर म्हणाले. "माझा पुतण्या ठाण्याला बँकेत आहे. त्यानं कोणाला धडा शिकवला?"

"तसं नव्हे हो. मंडळात तुमचा सत्कार करायचं ठरवलंय. शाल, श्रीफळ. एवढ्याशा देशाचा एवढा दरारा, आणि त्यांचा माणूस आपल्या गल्लीत!"

"शाल कोणासाठी? मी इथे भूगोल शिकवला त्यासाठी?"

"अहो, ते तर आहेच..."

"त्यासाठी द्या, येतो. त्या राज्याची शाल मला नको. ती माझी नाही, आणि आत्ता तर मुळीच नाही."

काका पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून गेले. सरांनी त्यातला एक मला दिला, स्वतः खाल्ला नाही. "बघ," ते म्हणाले, "हा माणूस माझ्यावर खूश आहे. पण मी कोण हे त्यालाही दिसत नाही."

याच सुमारास आमच्या कॉलेजातल्या मुलांनी फूलबागेजवळ युद्धाविरुद्ध सभा ठरवली. ती घेणारा मुलगा माझ्याच वर्गातला. तिथल्या मुलांचे फोटो बघून तो खरंच रडायचा, हे मी पाहिलेलं आहे. त्याचा राग खरा होता आणि मला आजही वाटतं की तो बरोबर होता. माझ्याकडून सरांबद्दल ऐकून तो त्यांना बोलवायला घरी आला. सोबत बॅनरचा नमुना. त्यावर 'यहूदी ज़ुल्म बंद करो' असं होतं.

सरांनी चष्मा पुसला. "बेटा, इसमें एक शब्द बदलना पड़ेगा. 'इस्रायली सरकार' लिखो."

"सर, एक ही बात है."

"एक ही बात होती तो मैं तुम्हारे साथ कैसे आता?"

मुलगा हसला. शब्द बदलला. सर यायला तयार झाले. आयुष्यात ते कधी मंचावरून ज्यू म्हणून बोलले नव्हते. जाताना रिक्षात मला म्हणाले, "आक्काला इकडे येऊन बघ म्हणत होतो. आज मीच बघतो."

सर हिंदीतून बोलले, सावकाश, वर्गात बोलायचे तसे. सुरुवात आक्कापासून केली. ती लहानपणी त्यांना इथल्या बागेत कडेवर घेऊन फिरायची ते. आता सायरन वाजला की गुडघे धरून जिना कशी उतरते ते. युरोपात ज्यूंचं काय झालं ते. ज्यांना सगळीकडून हाकललं त्यांना आपली जागा हवीशी वाटली, यात हसण्यासारखं काही नाही, असं म्हणाले. पोरं कंटाळली होती. काही जण मोबाइल बघत होते, मागे चहा चालला होता. मग सर म्हणाले, "मैं यहूदी हूँ, और मैं ज़ायनवाद के ख़िलाफ़ हूँ," आणि एकदम सगळे मोबाइल वर झाले. आधी जे बोलले ते कोणीही टिपलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी नुसती ऐकत होते.

त्यापुढे ते त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्यांबद्दल बोलले, पडलेल्या घरांबद्दल बोलले. टाळ्या सुरू झाल्या. सर माइकपासून बाजूला होत होते, तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी मोठ्यानं, अगदी कौतुकानं ओरडलं, "देखो भाई, अच्छे यहूदी भी होते हैं!" आणि टाळ्या दुप्पट झाल्या.

सर परत माइककडे आले.

"नहीं बेटा, मैं अच्छा यहूदी नहीं हूँ. मैं शनिवार को दाढ़ी बनाता हूँ. अच्छी यहूदी मेरी बहन है, और वह मेरी एक बात नहीं मानती. आपको अगर वही यहूदी चलता है जो आपकी बात बोले, तो आपको यहूदी चलता ही नहीं."

कोणी हसलं नाही, टाळी वाजवली नाही. वर्गातल्या त्या मुलानं घाईनं माइक घेतला आणि "धन्यवाद सर" म्हणून घोषणा सुरू केली.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा सगळीकडे फिरू लागला. 'मैं यहूदी हूँ' पासून टाळ्यांपर्यंत. वर लिहिलेलं होतं, 'यहूदी ने ही खोल दी यहूदियों की पोल'. मी त्या मुलाला गाठलं.

"अरे, हे काय लिहिलं? शब्द तरी बदल. आणि पुढचं का कापलं?"

"पुढचं रेकॉर्ड कुणी केलं? सगळे तर टाळ्या वाजवत होते. और देख ना, कितना चल रहा है. सर फेमस हो गए!"

"शब्द बदल."

"एक ही बात है यार," तो म्हणाला.

तो वाईट नव्हता. हे मी पुन्हा पुन्हा का लिहिते आहे, माहीत नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

आक्कापर्यंत ते तिच्या नातवाच्या मोबाइलवरून पोहोचलं. देवनागरी तिला वाचता येत होतीच. त्या शुक्रवारी तिचा फोन जरा लवकर आला, मी समोरच बसले होते. "आपल्या लोकांना चव्हाट्यावर आणलंस," ती म्हणाली. "टाळ्यांसाठी." आणि फोन ठेवला. पुढच्या शुक्रवारी तिचा फोन आला नाही. सरांनी केला तर तिनं उचलला नाही.

गल्लीत काका सरांना बघून रस्ता ओलांडायला लागले. आपल्याच माणसांविरुद्ध बोलणारा माणूस कसा असतो ते बघा, असं ते इतरांना सांगत. इकडे कॉलेजात सरांचा फोटो कौतुकाच्या ओळींसह फिरत होता. आणि सर घरात, फोनसमोर.

"सर, तुम्ही तिला पुढचं सांगा ना," मी म्हटलं. "तुम्ही तिच्यासाठी परत माइककडे गेले ते. तिला माहीतच नाही."

"का गेलो ते पण सांगावं लागेल."

"मग सांगा."

सरांनी फोन उलटा करून ठेवला. "काय सांगू? की भर बाजारात मला 'चांगला यहूदी' म्हणून टाळ्या पडल्या? आक्का इतकी वर्षं हेच म्हणते आहे की विरोध राज्याचा म्हणून सुरू होतो आणि आपल्यावर येऊन थांबतो. मी इतकी वर्षं म्हणतो की नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ये, दाखवतो. आता मी स्वतःच्या तोंडानं तिला हा मुद्दा देऊ? आणि तो खराही नाही. एका पोरानं आरोळी ठोकली. तिथे आलेल्या कितीतरी जणांना फक्त त्या मेलेल्या मुलांचं दुःख होतं."

"पण ती तुम्हाला गद्दार समजते आहे."

"समजू दे. हे सांगितलं नाही तर फक्त मी वाईट ठरतो. सांगितलं तर ग्वाल्हेर वाईट ठरतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तूही सांगायचं नाहीस."

मी हो म्हटलं. मला ते फार मोठं वाटलं तेव्हा. असं कोणी गावासाठी स्वतःवर घेतं, हे मी पहिल्यांदा बघत होते. आता मला ते तितकं मोठं वाटत नाही. किंवा वाटतं, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही वाटतं, आणि ते मला नीट मांडता येत नाही.

सर शुक्रवारी फोन करत राहिले. रिंग पूर्ण वाजून थांबली की म्हणत, "कामात असेल." शिकवणी मात्र आता शुक्रवारीही पूर्ण वेळ चाले. त्या थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला, बाबांच्याच दवाखान्यात त्यांना ठेवलं आणि तिथेच ते गेले. ठाण्याचा पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला, कारण त्यांच्या लोकांची दफनभूमी तिकडे आहे. आक्काला त्यानंच कळवलं.

काही दिवसांनी मला बाहेरच्या देशातून फोन आला. पुतण्यानं नंबर दिला होता. स्पीकरवर इतक्यांदा ऐकलेला आवाज, पण आता कानाला लावून ऐकताना तो फार म्हातारा वाटला.

"तू ती शिकायला यायचीस ती ना?"

"हो आत्या."

"त्या दिवशी तिथं काय झालं? तू होतीस. मला पुरं सांग."

सर गेले होते, मी हो म्हटलेलं होतं, आणि समोर त्यांची बहीण विचारत होती. मी सांगितलं. तिच्या कडेवर बसून बागेत फिरण्यापासून सगळं सांगितलं. मोबाइल कधी वर झाले ते, ती आरोळी, ते परत माइककडे गेले ते, काय म्हणाले ते शब्द न् शब्द. मग बॅनर, काकांची शाल, आणि त्यांनी हे तिच्यापासून का लपवलं तेही. माझ्या मराठीत जिथे अडले तिथे हिंदीत सांगितलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत्या?"

"आहे," ती म्हणाली. "मी म्हटलंच असतं त्याला, बघ, मी सांगत नव्हते? खरंच म्हटलं असतं. आता इकडे ये, म्हटलं असतं."

"सरांना तेच नको..."

"अगं, तो नाही म्हणाला असता. मी चिडले असते. मग मी विचारलं असतं, जेवलास का. त्यानं काय जेवला ते सांगितलं असतं, आणि मी दिवा लावायला उठले असते. मुद्दा जिंकून मी काय करणार होते? तेवढंच तर होतं आमचं."